ट्रायकोरेक्सिस नोडोसा : निदान आणि संकेतांकन

केसाच्या दांडीवर जागोजागी बारीक, पांढुरक्या गाठी दिसणे आणि नेमक्या त्या गाठींपाशी केस तुटणे, असे ट्रायकोरेक्सिस नोडोसा या विकाराचे स्वरूप आहे. केसाच्या दांडीत होणाऱ्या दोषांपैकी हा सर्वांत जास्त आढळतो. लंडनचे डॉक्टर सॅम्युएल विल्क्स यांनी १८५२ मध्ये त्याचे वर्णन केले. आजचे नाव व्हिएन्नाचे त्वचारोगतज्ज्ञ मोरिट्झ कापोसी यांनी १८७६ मध्ये दिले. ग्रीक ‘थ्रिक्स’ म्हणजे केस, ‘ऱ्हेक्सिस’ म्हणजे तुटणे आणि लॅटिन ‘नोडस’ म्हणजे गाठ.

यातला ‘गाठ’ हा शब्द मात्र फसवा आहे. तिथे काही साचलेले नसते की वाढलेले नसते. केसाच्या बाहेरच्या थराचे खवले घरावरच्या कौलांसारखे एकावर एक बसलेले असतात. ते झिजून निघून गेले की आतला तंतूंचा गाभा उघडा पडतो, तंतू विस्कटून फुगतात आणि नुसत्या डोळ्यांना तो फुगवटा गाठीसारखा दिसतो. सूक्ष्मदर्शकाखाली, रंगकामाचे दोन ब्रश समोरासमोर धरून एकमेकांत खुपसावेत तसे चित्र दिसते. केस तुटला की एकच ब्रश उरतो.

बहुतेक रुग्णांत कारण बाहेरचे असते : स्ट्रेटनिंग, रिबॉन्डिंग, वारंवार ब्लीच, गरम इस्त्री, ओले केस ओढून विंचरणे, करकचून बांधणे. आफ्रिकी वंशाच्या कुरळ्या केसांत तूट मुळाकडे, डोक्याच्या त्वचेजवळ होते. आशियाई आणि युरोपीय केसांत बहुधा टोकाकडे, म्हणजे केसाचा जो भाग सर्वांत जुना आणि सर्वांत जास्त सोसलेला असतो तिथे. सतत खाजवल्यामुळे एखाद्याच जागी हा दोष होऊ शकतो. थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावणे किंवा लोहाची कमतरता यांच्याशीही त्याचा संबंध आढळतो.

निदानाची सुरुवात एका साध्या प्रश्नाने व्हायला हवी : केस गळतात की तुटतात? आपल्याकडे दोन्हींसाठी ‘केस गळतात’ एवढेच म्हटले जाते, आणि पुढचा बराच घोटाळा इथेच सुरू होतो. गळलेल्या केसाच्या एका टोकाला मुळाचा पांढरा ठिपका असतो, तुटलेल्याला नसतो. ‘केस खांद्याखाली वाढतच नाहीत’ ही तक्रार तर तुटण्याचीच खूण समजावी. मुळातून वाढ चालूच असते, पण वाढेल तेवढा केस टोकाकडे तुटत जातो. तपासताना केसांची बट एका हाताने घट्ट धरून दुसऱ्या हाताने टोके हलकेच ओढतात. बारीक तुकडे हातात आले तर केस ठिसूळ आहेत असे समजते. मग काही केस कात्रीने कापून काचपट्टीवर घेतात. उपटून घेऊ नयेत, कारण ओढण्याने दांडीलाही इजा होते. ट्रायकोस्कोपीत, म्हणजे डोक्यावरचे केस भिंगाच्या उपकरणाने मोठे करून पाहण्याच्या तपासणीत, गाठी आणि ब्रशसारखी टोके केस न कापताही दिसू शकतात.

लिखांशी होणारी गल्लत सर्वांत सामान्य आहे. लीख केसाच्या एका बाजूला घट्ट चिकटलेली असते आणि तिच्याखालचा केस धड असतो. इथे गाठ म्हणजे केसच असतो. हा फरक न पाहता मुलांच्या डोक्याला पुन्हा पुन्हा उवांचे औषध चोळणे हा त्यांच्यावर अन्यायच आहे. पांढरा पिएड्रा या बुरशीच्या गाठी मऊ असतात आणि केसावरून सरकवता येतात. मोनिलेथ्रिक्स या जन्मजात दोषात केस मण्यांच्या माळेसारखा दिसतो, पण तिथे तो मण्यांमधल्या बारीक भागात तुटतो, गाठीपाशी नव्हे.

दोष तान्हेपणात किंवा बालपणी दिसला तर शोध केसापाशी थांबवू नये. आर्जिनिनोसक्सिनिक अॅसिड्युरिया या युरियाचक्राच्या (शरीरातल्या अमोनियाचे युरियात रूपांतर करणाऱ्या प्रक्रियेच्या) आनुवंशिक आजारात रक्तात अमोनिया साठतो आणि मेंदूला इजा होते. ठिसूळ केस ही त्याची एक खूण आहे. तांब्याच्या वहनातील बिघाडामुळे होणारा मेंकेस आजार आणि त्वचेवर खवले आणणारा नेदर्टन संलक्षण यांतही हा दोष दिसू शकतो. नेदर्टनची शंका असेल तर भुवयांचे केसही तपासावेत.

बाहेरच्या कारणाने झालेल्या प्रकारात उपचार म्हणजे ते कारण थांबवणे आणि खराब टोके कापणे. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो. त्यामुळे पूर्ववत लांबी यायला काही वर्षे लागतात, आणि हे रुग्णाला पहिल्याच भेटीत सांगणे योग्य.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत या विकाराचा संकेतांक, म्हणजे नोंदीसाठी आजाराला दिलेला ठरावीक क्रमांक, एल६७.० आहे. केसांचा रंग आणि दांडी यांतील दोषांचा एल६७ हा गट त्वचारोगांच्या बाराव्या प्रकरणात येतो. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पूर्वी वापरात असलेल्या नवव्या आवृत्तीत केसांच्या अनेक दोषांना मिळून ७०४.२ हा एकच आकडा होता. तिथल्या रुग्णालयांची कागदपत्रे वाचून संकेतांक लावणारे बरेच मेडिकल कोडर पुणे–मुंबईत बसून काम करतात. डॉक्टरांनी नुसते ‘केस जाणे’ अशा अर्थाचे लिहिले तर नोंद एल६५.९ मध्ये, म्हणजे व्रण न ठेवता होणाऱ्या अनिर्दिष्ट केसगळतीत जाते आणि तुटण्याचा विकार नोंदीतून नाहीसा होतो. सूक्ष्मदर्शकाखालचे वर्णन कितीही अचूक असले तरी त्यावरून निदानाचे नाव कोडरने ठरवायचे नसते. त्याने डॉक्टरांना विचारायचे असते. अमेरिकी नियमांनुसार बाह्यरुग्ण विभागात ‘संशयित’ किंवा ‘बहुधा’ असे लिहिलेले निदान संकेतांकित करत नाहीत, त्याऐवजी लक्षणाची नोंद करतात. मोनिलेथ्रिक्स एल६७ मध्ये बसत नाही. तो जन्मजात दोषांत, क्यू८४.१ खाली जातो. पांढऱ्या पिएड्राला बी३६.२ आणि डोक्यातील उवांना बी८५.० आहे.

मुलाच्या केसदोषामागे युरियाचक्राचा आजार सिद्ध झाला तर त्या आजाराचा संकेतांक, ई७२.२ आणि याच वर्गीकरणाच्या अमेरिकी आवृत्तीत ई७२.२२, कागदावर यायलाच हवा. एकटा एल६७.० राहिला तर पुढच्या डॉक्टरला ते मूल फक्त केस खराब असलेले मूल म्हणून दिसेल.