जुगाराचे व्यसन : मदत आणि उपचार

हरत असताना, कर्ज वाढत असताना, घरच्यांशी रोज खोटे बोलावे लागत असतानाही जुगार थांबवता येत नाही, अशा अवस्थेला जुगाराचे व्यसन म्हणतात. हा मानसिक आजार आहे. त्याचे निदान करता येते आणि त्यावर उपचारही आहेत. तरीही ग्रासलेल्यांपैकी थोडेच लोक उपचारांपर्यंत पोहोचतात, आणि तेही बहुधा सगळे मार्ग खुंटल्यावर. दारूचा वास येतो, चाल बिघडते. जुगाराचे तसे काही दिसत नाही. मोबाइलमध्ये मान घालून बसलेला माणूस निरोप वाचतोय की पैज लावतोय, हे शेजारी बसलेल्यालाही कळत नाही. शिवाय असा माणूस मदत मागतो ती पैशांची. ‘एवढी एक नड भागवा, पुन्हा मागणार नाही’ ही त्याची मागणी असते; त्याची गरज मात्र वेगळीच असते. घरचे मागणी पुरवत राहतात आणि आजार वाढत जातो.

जुगाराकडे फार काळ चारित्र्याचा दोष म्हणून पाहिले गेले. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये डीएसएम या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत त्याची आजार म्हणून नोंद केली, पण ती आवेग न आवरण्याच्या विकारांमध्ये. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत तो दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांच्या प्रकरणात हलवण्यात आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या रोगवर्गीकरणातही तो व्यसनाधीन वर्तनाच्या विकारांत मोडतो. या बदलाला कारण होते. तोच थरार मिळवण्यासाठी रक्कम वाढवत न्यावी लागणे, खेळ बंद केला की चिडचिड आणि अस्वस्थता होणे, ठरवूनही मागे फिरता न येणे, ही लक्षणे दोन्हीकडे सारखीच आढळतात. डीएसएमच्या नऊ निकषांपैकी चार किंवा अधिक निकष बारा महिन्यांत लागू पडले तर निदान पक्के धरतात.

या निकषांतला सर्वांत ठळक म्हणजे गेलेले पैसे परत मिळवण्यासाठी पुन्हा खेळायला जाणे. इतर कोणत्याही व्यसनात माणसाला असे वाटत नाही की, आणखी थोडे केले की आधीचे सगळे नुकसान भरून निघेल. जुगारात वाटते, कारण कधी तरी खरोखरच जिंकलेले असते. थोडक्यात हुकलेला डाव मेंदूला हार न वाटता ‘जवळ आलो होतो’ असे वाटते, आणि सलग हरल्यावर ‘आता तरी लागणारच’ अशी खात्री होते. वास्तविक, नाणेफेकीत पाच वेळा छापा आला म्हणून सहाव्या वेळी काट्याची शक्यता तसूभरही वाढत नाही. कर्जात बुडालेल्या माणसाला बाहेर पडण्याची वाटही जुगारातच दिसते, ती यामुळे.

स्वतःची तपासणी करण्यासाठी सोप्या प्रश्नावल्या आहेत. सर्वांत छोटीत दोनच प्रश्न आहेत : पैज लावण्याची रक्कम वाढवत न्यावी असे कधी वाटले का, आणि किती जुगार खेळता याबद्दल जवळच्या माणसांशी खोटे बोलावे लागले का. एकाचेही उत्तर ‘हो’ असेल तर सविस्तर तपासणी करावी. कॅनडात तयार झालेल्या नऊ प्रश्नांच्या पीजीएसआय या प्रश्नावलीत २७ पैकी ८ किंवा अधिक गुण आले तर समस्या गंभीर समजतात. अशी प्रश्नावली म्हणजे निदान नव्हे. पण मनातली शंका पहिल्यांदा कागदावर येते, आणि तेवढ्याने अनेकांचे पाऊल उचलले जाते.

ते पाऊल बहुधा फोनचे असते. अनेक देशांत जुगाराच्या समस्येसाठी विनामूल्य आणि गोपनीय हेल्पलाइन चालतात. जिथे नाहीत तिथे मानसिक आरोग्य हेल्पलाइन, व्यसनमुक्ती केंद्र किंवा नेहमीचे डॉक्टर यांच्यापासून सुरुवात करता येते. फोन करणाऱ्याला नाव सांगावेच लागते असे नाही. समुपदेशक शेवटचे कधी खेळलात, हातात किती पैसे आहेत, घरी कोणाला माहीत आहे, असे विचारतो. आणि जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो का, हेही स्पष्ट विचारतो. या आजारात आत्महत्येचा धोका सर्वसाधारण लोकांपेक्षा बराच जास्त असतो, विशेषतः लपवलेले कर्ज उघडकीस येण्याच्या सुमारास. असा विचार मनात असेल तर कर्जाचा हिशेब नंतर. त्याच घडीला तातडीची वैद्यकीय मदत घ्यावी आणि त्या माणसाला एकटे सोडू नये. थेट विचारल्याने विचार बळावतो, ही समजूत चुकीची आहे.

पुढची पायरी रोकड आणि खेळ यांच्यात अडसर घालण्याची. निग्रहावर विसंबून राहणे हा भाबडेपणा ठरतो, कारण ऊर्मी येते तेव्हा निग्रहच आधी ढळतो. खेळाडूला स्वतःच्या विनंतीवरून प्रवेशबंदी करून घेता येते. ग्रेट ब्रिटनमध्ये गॅमस्टॉप या प्रवेशबंदीच्या सेवेवर एकदा नोंदणी केली की तिथल्या सर्व परवानाधारक ऑनलाइन कंपन्यांची दारे सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षे बंद होतात. स्वीडनमध्ये २०१९ पासून स्पेलपाउस आणि ऑस्ट्रेलियात २०२३ पासून बेटस्टॉप याच धर्तीवर चालतात. विनापरवाना संकेतस्थळे मात्र या जाळ्याबाहेर राहतात, म्हणून मोबाइल आणि संगणकावर जुगाराची संकेतस्थळे अडवणारे सॉफ्टवेअरही टाकावे. काही बँका जुगाराचे व्यवहार कार्डावरून रोखतात. कर्जाच्या अ‍ॅपवरील खाती बंद करणे, पगाराचे खाते काही काळ विश्वासू माणसाच्या देखरेखीखाली देणे, जाहिरातींचे संदेश बंद करणे, हेही यातच आले. एकेक अडसर चुकवता येतो; चार-पाच एकत्र असले की ऊर्मी ओसरायला वेळ मिळतो, आणि ऊर्मी ओसरतेच.

उपचारांत सर्वाधिक पुरावा वर्तनविषयक बोधात्मक उपचारपद्धतीच्या, म्हणजे सीबीटीच्या, बाजूने आहे. रुग्ण समुपदेशकासोबत एखादा प्रसंग बारकाईने उलगडतो : पगार जमा झाला, घरी कटकट झाली, ‘फक्त छोटीशी पैज’ असे मनात आले, मग काय झाले. कुठल्या घडीला, कुठल्या विचाराने हात मोबाइलकडे गेला ते सापडले की त्या घडीसाठी दुसरी कृती आधीच ठरवता येते. नशीब आणि शक्यता यांविषयीच्या चुकीच्या समजुतीही या बैठकांत तपासल्या जातात. उपचार घ्यावेत की नाही याबद्दल मन द्विधा असणाऱ्यांसाठी प्रेरणादायी मुलाखतीची पद्धत वापरतात. तिच्यात समुपदेशक उपदेश न करता बदलाची कारणे रुग्णाच्याच तोंडून येऊ देतो. खास या आजारासाठी अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने मान्य केलेले औषध नाही. नॅलट्रेक्झोनसारख्या औषधांनी काहींची ओढ कमी झाल्याचे दिसले आहे, आणि सोबत नैराश्य किंवा दारूचे व्यसन असेल तर त्यावरही उपचार करावे लागतात. पार्किन्सन म्हणजे कंपवातासाठी दिल्या जाणाऱ्या प्रामिपेक्सोलसारख्या काही औषधांमुळे आधी कधीही न खेळणाऱ्या माणसाला जुगाराची अनावर ओढ लागू शकते. अशा वेळी औषध परस्पर बंद न करता डॉक्टरांना ताबडतोब सांगावे.

परस्पर आधारगटांत गॅम्बलर्स अ‍ॅनॉनिमस सर्वांत जुना. तो १९५७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये दारूमुक्तीच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या धर्तीवर सुरू झाला. बैठकीला शुल्क नसते, आडनाव सांगावे लागत नाही. जुगार सोडण्याची इच्छा एवढीच सदस्यत्वाची अट. जुने सदस्य नव्याच्या सगळ्या देण्यांची यादी करून परतफेडीची योजना आखून देतात, आणि मला हे या गटांचे सर्वांत मोलाचे काम वाटते. कुटुंबीयांसाठी गॅम-अ‍ॅनॉन हा वेगळा गट आहे.

कुटुंबाची बाजू सर्वांत अवघड. कर्ज फेडून टाकले की माणूस सुधारेल, या आशेने आईवडील साठवलेली पुंजी देतात, पत्नी दागिने मोडते, भाऊ जामीन राहतो. घडते उलटेच. रक्कम भरली जाताच दडपण जाते, पत पुन्हा मोकळी होते आणि काही महिन्यांत आधीपेक्षा मोठा आकडा समोर येतो. म्हणून तज्ज्ञ सांगतात की रोख पैसे देऊ नयेत, कोऱ्या कागदावर किंवा जामीनपत्रावर सही करू नये, घराची कागदपत्रे आणि स्वतःची पासवर्डे सुरक्षित ठेवावीत. याचा अर्थ पाठ फिरवणे नव्हे. दवाखान्यात सोबत जाणे, सावकारांची यादी करायला शेजारी बसणे, मुलांच्या गरजा परस्पर भागवणे, ही मदत जरूर करावी. बोलायचे तर हरल्याच्या रात्री आरडाओरडा करून नव्हे. शांत वेळी, बँकेचे उतारे समोर ठेवून, ‘मला हे दिसले, मला भीती वाटते’ असे सांगून बोलावे. तो नाही म्हणाला तरी घरच्यांनी स्वतःसाठी समुपदेशन घ्यावे. त्यासाठी त्याच्या होकाराची गरज नसते.

देणी उघड करताना एकही लपवू नये. मागे ठेवलेले एखादे गुप्त कर्ज पुढे पुन्हा खेळण्याचे निमित्त होते. कर्जसल्लागाराच्या मदतीने घरखर्च आधी बाजूला काढून उरलेल्यातून छोटे, झेपतील असे हप्ते बांधले जातात. सगळे एका झटक्यात फेडण्याची घाई माणसाला पुन्हा डावाकडे नेते.

उपचार सुरू असताना पाय घसरणे सामान्य आहे. तसे झाले की त्याच दिवशी समुपदेशकाला किंवा गटातल्या सोबत्याला कळवावे, उरलेले पैसे हातातून काढून द्यावेत आणि कोणता अडसर निसटला ते शोधून तो पुन्हा घालावा. प्रवेशबंदीची मुदत संपत येते तेव्हा विशेष सावध राहावे लागते. बंदी वाढवायची की नाही हा निर्णय मुदत संपण्याच्या बराच आधी, समुपदेशकासोबत बसून घ्यावा.