अलार्मचे केंद्रीय निरीक्षण : लहान कार्यालयांची घरफोडीपासून सुरक्षा

बंद जागेतील चोरसूचक यंत्रणेचे संकेत दूरच्या, चोवीस तास माणसे हजर असणाऱ्या नियंत्रण कक्षात पोहोचवून, त्यांची खातरजमा करून मालक, पहारेकरी किंवा पोलीस यांना कळवण्याच्या व्यवस्थेस अलार्मचे केंद्रीय निरीक्षण म्हणतात. नुसता भोंगा वाजवणाऱ्या यंत्रणेचा उपयोग तो कोणी ऐकतो की नाही यावर अवलंबून असतो. निरीक्षणाखालच्या यंत्रणेत ऐकण्याची जबाबदारी कोणावर तरी नेमून दिलेली असते.

लहान कार्यालयाला या व्यवस्थेची गरज घरापेक्षा अधिक असते. वकिलाचे किंवा सनदी लेखापालाचे कार्यालय, दवाखाना, पतसंस्थेची शाखा अशा जागा संध्याकाळी बंद झाल्या की सकाळपर्यंत, आणि दिवाळीच्या सुट्टीत तर सलग काही दिवस, तिकडे कोणी फिरकत नाही. व्यापारी संकुलात रात्री शेजारचे गाळेही रिकामेच असतात. महाराष्ट्रात नोंदवल्या जाणाऱ्या घरफोडीच्या गुन्ह्यांत शटर उचकटणे, कडी-कोयंडा तोडणे, खिडकीचे गज कापणे हे प्रकार वारंवार आढळतात आणि जाताना सीसीटीव्हीचा डीव्हीआरच उचलून नेल्याच्याही तक्रारी येतात. चित्रण ज्या पेटीत साठते ती पेटीच गेली, तर कॅमेरे असूनही हाती काही उरत नाही. घटना घडत असतानाच तिची वार्ता इमारतीबाहेर जाणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

विद्युत्-चुंबकीय चोरसूचकाचे एकस्व (पेटंट) अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या सॉमरव्हिल येथील धर्मोपदेशक ऑगस्टस रसेल पोप यांना १८५३ मध्ये मिळाले. दार किंवा खिडकी उघडताच विजेचे मंडल (सर्किट) पूर्ण होऊन घंटा वाजे, आणि चोराने दार लगेच लोटून घेतले तरी ती थांबत नसे. एडविन होम्स यांनी १८५७ मध्ये हे हक्क विकत घेतले आणि पुढे न्यू यॉर्कमध्ये व्यवसाय उभारून ग्राहकांच्या जागांपासून मध्यवर्ती कार्यालयापर्यंत तारा नेल्या. त्यांच्या मुलाने १८७७ मध्ये बॉस्टनमधील अशाच तारांवर टेलिफोन जोडून पाहिले. टेलिफोन विनिमय केंद्राच्या आरंभीच्या प्रयोगांत त्याची गणना होते. पुढे एडीटी या नावाने प्रसिद्ध झालेल्या कंपनीची सुरुवात १८७४ मधली आहे. निरीक्षणाची कल्पना, म्हणजेच, टेलिफोनपेक्षाही जुनी आहे.

आजच्या यंत्रणेत दारावर चुंबक आणि चौकटीत रीड स्विच, म्हणजे चुंबक दूर जाताच स्थिती बदलणारा स्विच, असतो. शटरसाठी त्याचाच दणकट प्रकार वापरतात. भिंत किंवा तिजोरी फोडण्याचा प्रयत्न कंपनसंवेदकाला (व्हायब्रेशन सेन्सरला) कळतो. खोलीतील हालचाल टिपणारा निष्क्रिय अवरक्त (इन्फ्रारेड) संवेदक स्वतः कोणतेही किरण सोडत नाही. माणसाच्या शरीरातून निघणाऱ्या, साधारण ८ ते १४ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या उष्णतेचा बदल तो ओळखतो. संवेदकापासून नियंत्रण पेटीपर्यंतच्या तारेच्या टोकाला ठरावीक रोधक (विजेच्या प्रवाहाला विरोध करणारा घटक) बसवलेला असतो. त्यामुळे कोणी तार कापली किंवा दोन तारा एकमेकींना जोडल्या, तरी मंडलाचा रोध बदलतो आणि छेडछाड लगेच उघडकीस येते.

विश्वासार्हतेचा खरा कस मात्र कार्यालयापासून नियंत्रण कक्षापर्यंतच्या वाटेवर लागतो, आणि खरेदी करताना नेमके याकडेच दुर्लक्ष होते. टेलिफोनची किंवा ब्रॉडबँडची केबल बहुधा जिन्याखाली, कोणालाही हात पोहोचेल अशा ठिकाणी असते. मोबाइल सिमवर चालणारा दुवा जॅमरने, म्हणजे मोबाइलचे संकेत अडवणाऱ्या उपकरणाने, निकामी करता येतो. एकाच वाटेवर विसंबून न राहता ब्रॉडबँड आणि सिम असे दोन स्वतंत्र दुवे ठेवणे हा त्यावरचा उपाय आहे. त्याहून महत्त्वाची बाब म्हणजे नियमित हजेरी. यंत्रणेने ठरावीक अंतराने ‘मी सुरू आहे’ असा संकेत पाठवावा आणि तो वेळेवर न आल्यास कक्षाने त्या शांततेलाच धोक्याची सूचना मानावे. हे अंतर काही मिनिटांचे की चोवीस तासांचे, हा प्रश्न सेवा घेण्यापूर्वी विचारायलाच हवा. चोवीस तासांतून एकदाच हजेरी लागत असेल, तर शनिवारी संध्याकाळी तोडलेला दुवा रविवारी संध्याकाळपर्यंत कोणाच्या लक्षात येणार नाही, आणि चोराला तेवढा वेळ पुरेसा होतो.

वीजपुरवठ्याचेही असेच आहे. नियंत्रण पेटीत बहुधा १२ व्होल्टची लहान बॅटरी असते आणि ती काही वर्षांत निकामी होते, पण वीज जाईपर्यंत ते कळत नाही. यंत्रणांच्या चार श्रेणी ठरवणाऱ्या युरोपीय ईएन ५०१३१ मानकात खालच्या दोन श्रेणींसाठीही किमान १२ तासांची बॅटरी सांगितली आहे. राउटर वेगळ्या बॅटरीवर नसेल, तर पेटी चालू राहूनही ब्रॉडबँडचा दुवा तुटतो.

खोटे अलार्म ही या क्षेत्राची जुनी दुखरी बाजू आहे. अमेरिकी न्याय विभागाच्या पोलिसांसाठीच्या एका मार्गदर्शिकेत, पोलिसांपर्यंत आलेल्या चोरी-अलार्मपैकी ९४ ते ९८ टक्के खोटे असल्याचे म्हटले आहे. सॉल्ट लेक सिटी शहराने २००० मध्ये, प्रत्यक्ष खातरजमा झाल्याशिवाय पोलीस अशा अलार्मवर जाणार नाहीत, असा नियम केला. ब्रिटनमध्ये पोलीस दोन स्वतंत्र संवेदकांनी दुजोरा दिलेल्या अलार्मला महत्त्व देतात. आपल्याकडे संवेदकाच्या भिंगावर बसलेली पाल किंवा झुरळ, एसीच्या झोतात हलणारा पडदा आणि सर्वांत जास्त म्हणजे सांकेतिक क्रमांक विसरलेला कर्मचारी ही नेहमीची कारणे आहेत. अवरक्त आणि सूक्ष्मतरंग (मायक्रोवेव्ह) या दोन्ही तंत्रांनी एकाच वेळी हालचाल ओळखली तरच इशारा देणारा संवेदक, त्याला कॅमेऱ्याच्या चित्राची जोड आणि नव्या कर्मचाऱ्यास आठवड्याभरात दिलेले प्रशिक्षण यांनी हे प्रमाण बरेच उतरते. खोट्या अलार्मांना कंटाळून यंत्रणा रात्री बंदच ठेवण्याची सवय लागते, आणि हे नुकसान चोरीइतकेच गंभीर मानले पाहिजे.

भारतात खासगी अलार्म सामान्यतः थेट पोलिसांशी जोडलेले नसतात. कक्षातील कर्मचारी आधी मालकाला आणि किल्ली असलेल्या व्यक्तींना फोन करतो आणि मग ११२ या क्रमांकावर कळवतो. त्यामुळे किल्लीधारकांची यादी अद्ययावत असणे आणि त्यांतील किमान एक जण जवळपास राहणारा असणे आवश्यक असते. त्याने एकट्याने आत शिरू नये. पोलीस किंवा रक्षक येईपर्यंत बाहेर, सुरक्षित अंतरावर थांबावे. केरळमध्ये राज्य पोलिसांनी केल्ट्रॉन या सरकारी कंपनीच्या साहाय्याने स्वतःचा निरीक्षण प्रकल्प चालवला आहे. रक्षक पुरवणाऱ्या खासगी संस्थांना २००५ च्या केंद्रीय कायद्यानुसार परवाना लागतो. सेवा घेताना तो पाहून घ्यावा.

विम्याच्या बाबतीत, बळाचा वापर करून प्रवेश झाल्याचे पॉलिसीच्या शब्दांनुसार सिद्ध व्हावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये एका घरफोडी दाव्यात स्पष्ट केले. अशा वेळी शटरच्या संवेदकाने कितव्या मिनिटाला संकेत दिला आणि कक्षाने कोणाला कधी फोन केला याची तारीख-वेळेसह नोंद पंचनाम्याच्या जोडीला ठेवता येते. मात्र ती नोंद कार्यालयातल्या पेटीत न राहता कक्षाकडे साठलेली असावी लागते.