तळाचा तपकिरी थर आम्ही का ठेवतो? फिलिंग करून घेणाऱ्यांसाठी माहिती

फिलिंग करताना मध्येच आरसा हातात दिला, की बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: “डॉक्टर, आत अजून काळपट दिसतंय, कीड राहिली का?” शंका रास्त आहे, परंतु तोंड उघडे ठेवून खुर्चीवर बसलेल्या माणसाला तिचे उत्तर नीट ऐकून घेता येत नाही, म्हणून ते येथे सविस्तर देत आहोत.

‘कीड’ या शब्दामुळे दातात एखादा किडा असावा असे वाटते, आणि तो पडावा म्हणून रिंगणीच्या बियांची धुरी घेतल्याचे सांगणारे आजी-आजोबा आजही भेटतात. प्रत्यक्षात तोंडातील जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दातातील खनिज विरघळते. ही झीज इनॅमल (दाताचे बाहेरचे टणक आवरण) ओलांडून आतल्या डेन्टिनमध्ये शिरली, की तेथे दोन थर दिसू लागतात. वरचा थर ओलसर, मऊ आणि चमच्यासारख्या छोट्या हत्याराने सहज खरवडून निघणारा असतो. त्यात जिवाणू खच्चून भरलेले असतात आणि डेन्टिनला आकार देणारे कोलॅजेनचे तंतूही कुजलेले असतात, त्यामुळे तो पुन्हा सुधारत नाही. त्याखालचा थर तपकिरी असला तरी चामड्यासारखा चिवट असतो. त्यातील काही खनिज गेलेले असते, पण तंतूंची वीण शाबूत असते, जिवाणू फार थोडे असतात, आणि वरून घट्ट झाकण बसल्यास त्यात खनिज पुन्हा भरू शकते. पहिला थर आम्ही काढतो, दुसरा ठेवतो. आणि हे रंगावरून नव्हे, तर हत्याराला जाणवणाऱ्या कठीणपणावरून ठरवतो.

चांदीच्या फिलिंगच्या काळात असे करणे अवघड होते, कारण चांदी दाताला चिकटत नाही. ती निसटू नये म्हणून खड्डा तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद कोरावा लागे व त्यापायी निरोगी दातही कापला जाई. १९५५ मध्ये अमेरिकेतील मायकेल ब्यूनोकोर यांनी फॉस्फोरिक आम्लाने इनॅमल खरखरीत केल्यास त्यावर रेझिन (प्लास्टिकसारखा चिकट पदार्थ) घट्ट धरते, हे दाखवले. १९८२ मध्ये जपानमधील नोबुओ नाकाबायाशी यांनी रेझिन डेन्टिनच्या तंतूंत झिरपून दोहोंचा मिळून एक थर तयार होतो, हे मांडले. दातांच्या रंगाचे आजचे फिलिंग, म्हणजे काँपोझिट, या दोन गोष्टींवर उभे आहे.

मात्र चिकटण्याच्या बाबतीत तपकिरी थर निरोगी डेन्टिनच्या बरोबरीचा नाही. त्यात पाणी अधिक असते, त्याच्या सूक्ष्म नळ्या खनिजाच्या कणांनी बुजलेल्या असतात, आणि रेझिन जेथवर पोहोचत नाही तेथील उघडे तंतू दातातल्याच विकरांमुळे (एन्झाइममुळे) काळानुसार तुटत जातात. म्हणून सगळी भिस्त आम्ही कडेवर ठेवतो. खड्ड्याच्या चहूबाजूंची कड निरोगी, टणक इनॅमल व डेन्टिन लागेपर्यंत स्वच्छ केली जाते आणि तपकिरी भाग केवळ तळाशी, नसेच्या बाजूला राहू दिला जातो. डब्याचे झाकण कडेने घट्ट बसते, तसेच हे आहे. कड बंद झाली, की तळाच्या उरल्यासुरल्या जिवाणूंना बाहेरची साखर मिळत नाही. शिवाय खोल किडीत शेवटचा डाग काढण्याच्या अट्टहासापायी नस उघडी पडण्याचा धोका बराच कमी होतो.

खड्ड्याची कड हिरडीखाली गेली असेल आणि दात कोरडा ठेवणे शक्य नसेल, तर बहुधा आम्ही ग्लास आयनोमर हे वेगळे फिलिंग सुचवतो. ते दातातील कॅल्शियमशी रासायनिक रीतीने जुळते व फ्लोराइड सोडते, मात्र चावण्याच्या जोरापुढे काँपोझिटपेक्षा लवकर झिजते.

लाळेचा किंवा रक्ताचा एक थेंबही जोड बिघडवू शकतो. म्हणून रबर डॅम (दाताभोवती बसवायचा रबराचा पातळ पडदा) लावण्यास कृपया नकार देऊ नये. काँपोझिट सुमारे २ मिलिमीटरच्या थरांत भरून प्रत्येक थर निळ्या प्रकाशाने कडक करावा लागत असल्याने वेळही थोडा अधिक लागतो.

रात्री आपोआप ठणका लागणे, गरम खाल्ल्यावर कळ बराच वेळ टिकणे किंवा हिरडीला सूज येणे ही नस बिघडल्याची लक्षणे असू शकतात. अशा दाताला हा उपचार पुरेसा होईलच असे नाही, प्रसंगी रूट कॅनालच करावे लागते. फिलिंगनंतर काही दिवस थंड पदार्थ झोंबणे सामान्य आहे. ते वाढत गेल्यास मात्र लगेच यावे.

ठेवलेला थर एक्स-रेमध्ये फिलिंगखाली गडद दिसतो आणि दुसऱ्या डॉक्टरांना ती नवी कीड वाटू शकते. यासाठी उपचाराच्या दिवशीचा एक्स-रे व तळाशी काय ठेवले याची लेखी नोंद आम्ही आपल्याला देतो. ती फाइलमध्ये जपून ठेवावी आणि दुसरीकडे दात दाखवताना सोबत न्यावी.