‘सर्वकाही’ म्हणजे जिंकणं नव्हे

‘जो मला सामर्थ्य देतो त्याच्यामुळे मी सर्वकाही करू शकतो’ हे बायबलमधलं वाक्य (फिलिप्पैकरांस पत्र ४:१३) परीक्षेच्या, सामन्याच्या शुभेच्छांमध्ये सर्रास फिरतं. बास्केटबॉलपटू स्टीफन करीच्या बुटांवरही ते झळकलंय. अर्थ घेतला जातो, ‘देव पाठीशी, यश नक्की’.

पण मागची दोन वचनं वाचा की! हे पत्र लिहिणारा, येशूचा प्रेषित पौल तुरुंगात आहे. फिलिप्पै शहरातल्या मंडळीने, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाने, आपला माणूस एपफ्रदीत याच्या हाती मदत पाठवलीय, तिची तो पोच देतोय. पोट भरलेलं असो वा उपाशी, आहे त्यात समाधानी राहायला मी शिकलोय, असं तो म्हणतो. ‘शिकलोय’, उपजत नव्हतं. ‘सर्वकाही’मध्ये उपासमारही आली. आणि लगेच पुढे: तरी माझ्या संकटात वाटेकरी झालात, हे बरं केलंत.