चार आवाज, तीन चेहरे : 'मीट द सुप्रीम्स'ची पार्श्वभूमी

'मीट द सुप्रीम्स' हा सुप्रीम्स या अमेरिकी गायिकांच्या गटाचा पहिला अल्बम. त्याच्या वेष्टनावर तीन मुली दिसतात : डायना रॉस, मेरी विल्सन आणि फ्लॉरेन्स बॅलर्ड. आतल्या बहुतेक गाण्यांत मात्र आवाज चौघींचे आहेत. चौथी, बार्बरा मार्टिन, १९६२ साली बाळंतपणासाठी बाहेर पडली. तिच्या जागी कोणालाच घेतलं नाही आणि डिसेंबरात अल्बम निघाला तो तिघींचा म्हणून. पुढे जगाला माहीत झालेलं त्रिकूट जमलं ते असं.

या मुली डेट्रॉइटच्या ब्रूस्टर वसाहतीतल्या. कृष्णवर्णीयांसाठी केंद्र सरकारच्या पैशातून बांधलेली ही अमेरिकेतली पहिली वसाहत. १९३५ साली भूमिपूजनाला राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट आल्या होत्या. मोटारींच्या कारखान्यांत काम मिळेल या आशेने दक्षिणेतून हजारो कुटुंबं डेट्रॉइटला येत होती. मेरीचा जन्मही मिसिसिपीतला. १९५९ मध्ये मिल्टन जेनकिन्स नावाच्या व्यवस्थापकाकडे 'प्राइम्स' हा मुलांचा गट होता आणि त्याच्या जोडीला त्याला मुलींचाही गट हवा होता. त्यासाठी फ्लॉरेन्सची निवड झाली. तिने मेरीला बोलावलं, मग डायना आणि बेटी मॅग्लोन आल्या. गटाचं नाव 'प्राइमेट्स' ठेवलं. बेटीने लग्नासाठी गट सोडल्यावर तिच्या जागी बार्बरा आली.

१९५९ मध्येच, त्याच शहरात बेरी गॉर्डीने घरच्यांकडून ८०० डॉलर कर्जाऊ घेऊन रेकॉर्ड कंपनी काढली होती. स्वतः मोटारींच्या कारखान्यात काम केलेला माणूस. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरचं २६४८ क्रमांकाचं साधं घर हाच त्याचा स्टुडिओ. डायनाच्या ओळखीतल्या, गॉर्डीकडे गाणाऱ्या स्मोकी रॉबिन्सनने या मुलींचं गाणं ऐकलं, पण स्वतःच्या गटासाठी आधी उचलला तो त्यांचा गिटारवादक, मार्व टार्पलिन! गॉर्डीने तर आधी शाळा पूर्ण करा म्हणून परत पाठवलं. मुली हटल्या नाहीत. शाळा सुटली की त्या स्टुडिओत येऊन बसायच्या. कोणाच्या गाण्यात टाळ्या हव्या असल्या की टाळ्या द्यायच्या, मागचे सूर हवे असले की उभ्या राहायच्या. मला या अल्बममागचं खरं शिक्षण हेच वाटतं. माइकपासून किती अंतरावर उभं राहायचं, एकमेकींचा श्वास कसा सांभाळायचा, हे त्या दुसऱ्यांच्या गाण्यांत उभ्या राहूनच शिकल्या.

जानेवारी १९६१ मध्ये करार झाला. अट एकच, नाव बदला. नावांच्या यादीतून फ्लॉरेन्सने 'सुप्रीम्स' निवडलं. बाकीच्यांना ते फारसं रुचलं नव्हतं.

त्यानंतर एकामागून एक सिंगल्स, म्हणजे एकेका गाण्यासाठी काढलेल्या छोट्या रेकॉर्डी, आली आणि पडली. 'आय वाँट अ गाय' गेलं, 'बटर्ड पॉपकॉर्न' गेलं. त्यांच्यानंतर त्याच कंपनीत आलेल्या मार्व्हलेट्स या मुलींच्या गटाचं 'प्लीज मिस्टर पोस्टमन' मात्र १९६१च्या अखेरीस देशात पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. 'युअर हार्ट बिलाँग्ज टू मी' कसंबसं ९५व्या क्रमांकाला टेकलं, 'लेट मी गो द राइट वे' ९०व्या. कंपनीत त्यांना 'नो-हिट सुप्रीम्स' म्हणू लागले. हीच सिंगल्स आणि गेल्या दोन वर्षांतली इतर ध्वनिमुद्रणं एकत्र करून हा अल्बम बांधला गेला. त्या सुमारास मुली मोटाऊनच्या, म्हणजे गॉर्डीच्या कंपनीच्या, कलाकारांबरोबर बसने दक्षिणेत फिरत होत्या. बर्मिंगहॅमला कार्यक्रम संपल्यावर त्यांच्या बसवर गोळ्याही झाडल्या गेल्या.

अल्बम फारसा खपला नाही. तरी मी तो पुन्हा पुन्हा लावतो, तो 'बटर्ड पॉपकॉर्न'साठी. त्यात मुख्य आवाज फ्लॉरेन्सचा आहे : भरदार, थोडा खरखरीत, चर्चमधल्या गाण्यातून आलेला. ती सूर फेकते आणि बाकीच्या तो झेलतात. पुढे गॉर्डीने डायनाचा पातळ, धारदार आवाज पुढे ठेवला. १९६४च्या ऑगस्टमध्ये, मार्व्हलेट्सनी नाकारलेल्या 'व्हेअर डिड अवर लव्ह गो'ने त्यांना पहिला क्रमांक मिळवून दिला. धंद्याच्या दृष्टीने गॉर्डीचं गणित बरोबर होतं, पण त्यापायी फ्लॉरेन्सचा आवाज मागे पडला याची हळहळ मला आजही वाटते.

१९६७ मध्ये फ्लॉरेन्सला गटातून काढलं. त्याच वर्षी, तिनेच निवडलेल्या नावाआधी डायना रॉसचं नाव लागलं. १९७६ मध्ये फ्लॉरेन्स गेली, अवघ्या ३२व्या वर्षी.