उत्तराची घाई नेमकी कोणाला?

कामात डोकं घातलेलं असताना साहेबांचा मेसेज येतो. हातातलं सोडून आपण आधी तिकडे वळतो, कारण ते वाट बघत असतील असं वाटतं. खरंच बघत असतात का? लॉरा जुर्जे आणि व्हेनेसा बोन्स यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हेच तपासलं. विषय होता कामाच्या वेळेबाहेर आलेल्या, तातडीच्या नसलेल्या ईमेलचा. उत्तर किती लवकर हवं, याचा वाचणाऱ्याने बांधलेला अंदाज पाठवणाऱ्याच्या खऱ्या अपेक्षेपेक्षा घाईचा निघाला. पाठवणाऱ्याने ‘घाई नाही, सवडीने कळवा’ एवढं लिहिलं, तरी ही तफावत घटली. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. एका ओळीत दुसऱ्याची संध्याकाळ मोकळी होते!

या घाईची किंमत मेंदू मोजतो. सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं, की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलो तरी लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो आणि दुसरं कामही नीट होत नाही. ‘दोन मिनिटांत उत्तर देऊन टाकतो’ या हिशेबात हा भाग धरलेलाच नसतो. फोन नुसता वाजला, हातही लावला नाही, तरी एकाग्रतेच्या कामात चुका वाढतात, हे २०१५ च्या एका प्रयोगात दिसलं.

मग फोन गप्पच करून ठेवावा का? तसं करून पाहिलेल्यांची बेचैनी उलट वाढल्याचं २०१९ च्या अभ्यासात आढळलं. फोनवरच्या सूचना (नोटिफिकेशन) दिवसातून तीनदा, ठरलेल्या वेळी एकत्र मिळालेल्यांना मात्र बरं वाटलं.

म्हणून माझ्या मते चॅटवरच्या साध्या प्रश्नाला दोन-तीन तास आणि ईमेलला कामाचा पुढचा दिवस, ही मुदत रास्त आहे. आग लागल्यासारखं काही असेल तर सरळ फोन करावा. रुग्णसेवा किंवा यंत्रणेवर पहारा देण्यासारख्या कामांत हे गणित अर्थातच वेगळं. मुदत काहीही ठरो, ती सगळ्या टीमने मिळून आणि उघड बोलून ठरवायला हवी. मनातल्या मनात प्रत्येकजण सगळ्यात कडक मुदतच धरून चालतो.

आणि मध्येच उठावंच लागलं, तर आधी कागदावर दोन ओळी खरडाव्यात: कुठवर आलो, परतल्यावर पहिल्यांदा काय करायचं. लेरॉय आणि थेरेसा ग्लॉम्ब यांनी २०१८ मध्ये हा उपाय तपासला. अशी नोंद केलेल्यांचं मन मागच्या कामात कमी अडकलं.