ओव्हरक्लॉक केलं की प्रोसेसर जळतो?
ओव्हरक्लॉक करणं म्हणजे प्रोसेसर कंपनीनं ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगानं चालवणं. जालन्यापासून नांदेडपर्यंत कुठल्याही दुरुस्तीच्या दुकानात विचारा, उत्तर ठरलेलं: "कशाला नादी लागता, प्रोसेसर जळून जाईल." ही भीती अगदीच हवेतली नाही. २००१ च्या सुमाराचे एएमडी कंपनीचे अ‍ॅथलॉन हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) निसटला की काही सेकंदांत खरंच जळायचे. पण पुढचे प्रोसेसर फार तापले की आधी स्वतःच वेग कमी करतात. तेवढ्यानं भागलं नाही तर मशीन बंद पडतं.

घात होतो तो व्होल्टेजनं. वेग दहा टक्के वाढवला तर वीज साधारण तेवढीच जास्त लागते. व्होल्टेज दहा टक्के वाढवलं तर एकवीस टक्के, कारण तिथे वर्गाचा हिशोब चालतो (१.१ × १.१ = १.२१). म्हणून नवख्यानं व्होल्टेजला हातच लावू नये. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) मल्टिप्लायर, म्हणजे वेग ठरवणारा गुणक, एकेक पायरी वाढवायचा, दर वेळी प्रोसेसरला तासभर पूर्ण ताण देऊन तापमान बघायचं. आणि परभणीच्या मे महिन्यात, खोलीच चाळिशीला टेकलेली असताना, हा उद्योग नकोच. दिवाळीनंतर बघा.

इंटेलच्या २०११ नंतरच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांत, नावापुढे 'के' नसेल तर, मल्टिप्लायर कुलूपबंदच असतो. मग प्रोसेसर आणि हीटसिंकमधली वाळलेली थर्मल पेस्ट (उष्णता पोचवणारा लेप) बदला, हार्ड डिस्क काढून एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी वेगवान डिस्क) बसवा. फरक त्यानंच जास्त जाणवतो.